सहा मिलिमीटरची काच

पेशींतील मेदबिंदू दाखवायला ऑइल रेड ओ हा रंग सोपा आहे. पण त्यासाठी पेशी आधी फॉर्मलिनने माराव्या लागतात, आणि मला तर एकाच जिवंत पेशीतला बिंदू तासागणिक कसा वाढतो ते पाहायचे होते. म्हणून मी कार्स सूक्ष्मदर्शनाकडे, म्हणजे रेणूंची कंपने लेझरने टिपणाऱ्या तंत्राकडे, वळले. ८१७ आणि १०६४ नॅनोमीटरचे दोन लेझर-स्पंद एकाच जागी, एकाच क्षणी पडले, की त्यांच्या वारंवारितांमधील फरक मेदातील कार्बन-हायड्रोजन बंधाच्या कंपनाशी जुळतो आणि कोणताही रंग न घालता ६६३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश मिळतो.

‘एकाच क्षणी’ या दोन शब्दांत माझे तीन आठवडे गेले. सुविधा-केंद्र आठवड्यातून एकदा दोन तासांची पाळी देते, त्यांतला एक तास लेझर स्थिरावण्यातच जातो, आणि तो आधी सुरू करून ठेवण्याची परवानगी नाही. उरलेल्या तासात, २ पिकोसेकंदांचा, म्हणजे हवेत जेमतेम ०.६ मिमी लांबीचा स्पंद दुसऱ्या स्पंदाशी गाठायचा. त्यासाठी सरकत्या पट्टीवर आरशांची जोडी असते. ती १ मिमी सरकवली की प्रकाशाची वाट २ मिमीने बदलते. मी नोंदवहीतल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिमी शोधत राहिले, पडदा काळाच. पहिल्या आठवड्यात मी पेशींना दोष दिला, दुसऱ्यात प्रकाशशोधकाला.

तिसऱ्या आठवड्यात पेशी इन्क्युबेटरमध्येच ठेवल्या आणि काचपट्टीवर कँटीनमधल्या शेंगदाणा तेलाचा थेंब घेऊन बसले. (हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, तेलाचा संकेत भरपूर असतो आणि ते मरत नाही.) तरीही अंधारच. शेवटी अवरक्त कार्ड (अदृश्य किरण पडला की तिथे चमकणारे) हातात धरून किरणाची वाट इंचाइंचाने तपासली, तेव्हा एकाच किरणाच्या मार्गात ६ मिमी जाडीची काच उभी दिसली. आधीच्या कोणीतरी ती तशीच सोडली होती आणि नोंदवहीत अक्षरही लिहिले नव्हते. तेवढ्या काचेने तो स्पंद सुमारे १० पिकोसेकंद मागे पडत होता, म्हणजे पट्टी दीड मिमी सरकवावी लागली असती. काच काढताच पडदा इतका उजळला, की शोधकाचा व्होल्टेज घाईघाईने उतरवावा लागला.

तुम्हीही हे करणार असाल, तर खोलीतले दिवे मात्र बंद ठेवा, पेशींचे पोषक माध्यम फिनॉल रेड या रंगद्रव्याविना घ्या, आणि भिंग व नमुन्यामधले पाणी उबेने आटते, ते अधूनमधून पाहत जा.

लेझर आधी सुरू करू द्यावा, हा माझा अर्ज अजून केंद्राच्या टेबलावर आहे. तोवर मी सकाळची पहिली पाळी सोडून कोणाच्या तरी पाठोपाठची घेते; लेझर आयता स्थिरावलेला मिळतो.