तुम्ही विचारलंत म्हणून: "पुढच्या क्रूझचा ग्रुप कधी जमवताय?"

कधीच नाही. म्हणजे बहुतेक कधीच नाही.

आतापर्यंत हे मी हसून, विषय बदलून, "बघू या की" म्हणून टाळत आले, पण परवा पुन्हा एकीने विचारलं आणि वर म्हणाली, तुला हौस आहे ना गं, तू जमव, आम्ही नुसते येतो. ते "नुसते येतो" मला असं काही झोंबलं की म्हटलं आता एकदाचं लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पुढे करता येईल.

त्याआधी दुसऱ्या बाजूच्या लोकांचं. ते नेमकं उलटं विचारतात: एवढे पैसे भरून लक्झरी जहाजावर जाता, खाणं-पिणं, वाइन, टिप्स सगळं त्यात धरलेलं, मग परक्या माणसांबरोबर सहा-सहा महिने आधीपासून कसलं प्लॅनिंग करत बसता? याचं उत्तर सोपं आहे. जहाजावरचं सगळं धरलेलं असतं, जहाजाबाहेरचं बहुतेक ठिकाणी नसतं. ही जहाजं लहान, पाच-सहाशे माणसांची, म्हणून तर ती कॅरिबियन बेटांवर, बेक्वियाच्या पोर्ट एलिझाबेथला किंवा सेंट बार्ट्सच्या गुस्ताव्हियाला निवांत नांगर टाकतात, पण अशा ठिकाणी जहाजाच्या स्वतःच्या सहली मोजक्याच असतात आणि त्या भराभर भरतात. त्यापेक्षा एकाच फेरीचे बारा जण आधी एकमेकांना शोधून काढतात, एक बोट ठरवतात, भाडं वाटून घेतात, आणि हवं तिथे हवा तेवढा वेळ थांबतात. क्रूझवाले याला रोल कॉल म्हणतात. यात वेडेपणा काही नाही.

हो, धोका आहे. जहाजाने नेलेली बस अडकली तर जहाज थांबतं, आणि तुमच्या खाजगी बोटीचं इंजिन बंद पडलं तर ते निघून जातं. तुमचा पासपोर्ट केबिनच्या तिजोरीतून काढून बंदरातल्या एजंटकडे देतात आणि पुढच्या बेटावर कसं पोचायचं ते तुमचं तुम्ही बघायचं. म्हणून मी कायम दोन तास हातात ठेवून परत यायचं ठरवायचे. माझ्या ग्रुपमधलं कोणीही कधी जहाज चुकलेलं नाही, हे लिहून ठेवा.

आणि प्लॅनिंग म्हणजे काय तर माणसं. कुणाला बोट लागते, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला पोहता येत नाही पण स्नॉर्कलिंग करायचंय. कुणाला नोव्हेंबरमधलं स्वस्त भाडं दिसतं पण जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वादळांचा मोसम असतो हे दिसत नाही, आणि हिवाळ्यात गेलं तर ते नाताळच्या सुमाराचे जोराचे वारे, समुद्र उसळला की कॅप्टन टेंडर, म्हणजे किनाऱ्यावर नेणारी छोटी बोट, सोडत नाही, बेट समोर दिसत असतं आणि उतरता येत नाही. मग अ‍ॅडव्हान्स परत मिळणार का, हे बोटवाल्याकडून आधी लेखी घ्यायचं. भारतीय पासपोर्टवाल्यांना दर वेळी सांगायचं की बाबांनो, मायामीला नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. हे सगळं माझ्या एका तक्त्यात असायचं, रंगीबेरंगी. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू. माझ्या "चला"वर बारा अनोळखी माणसं निघायची, यात जी काही नशा आहे ती होती.

आता सेंट लुशिया बेट, आणि तिथलं कास्ट्रीज बंदर. ज्यांना माहितीये ते "कास्ट्रीजचं प्रकरण" म्हणतात, आणि ज्यांना अर्धवट माहितीये ते म्हणतात की मी दोन म्हाताऱ्या माणसांना बंदरात टाकून मजा करायला गेले. तर नीट सांगते.

जहाज बार्बाडोसहून निघणारं, ब्रिजटाउनला चढायचं आणि ब्रिजटाउनलाच उतरायचं. सुरुवात छान झाली होती. चढायच्या आदल्या दिवशी मी केन्सिंग्टन ओव्हल बघायला जायचं म्हटलं, जून २०२४ ची ती टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल तिथलीच, तर आमच्याबरोबर एक इंग्लिश जोडपंही आलं आणि त्या गृहस्थांनी सूर्यकुमारचा तो कॅच सीमारेषेवर पाय ठेवून करून दाखवला. (त्यांच्या मते पाय लागला होता. असो.)

सेंट लुशियासाठी मी बोट ठरवली होती. कास्ट्रीजहून किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेला जायचं, वाटेत मॅरिगॉट बे, मग सूफ्रिएर, सल्फर स्प्रिंग्जच्या गरम चिखलात लडबडायचं आणि येताना पिटॉन्स डोंगरांच्या पायथ्याशी पाण्यात उतरायचं. रस्त्यानेही जाता येतं, पण तो इतका नागमोडी आहे की गाडी लागणाऱ्यांनी नावच काढू नये. आणि खरं तर पिटॉन्स बघायचे ते समुद्रातूनच, दोन सुळके, दोन्ही सातशे मीटरच्या वर, सरळ पाण्यातून उभे. २००४ पासून वर्ल्ड हेरिटेज आहेत.

त्या बारा जणांत एक जोडपं होतं, सत्तरीच्या पुढचं, ते गृहस्थ काठी घेऊन चालायचे. बाईंचा पहिलाच प्रश्न होता, बोटीत चढायला पायऱ्या किती. मी बोटवाल्याला विचारून कळवलं: तीन, आणि हात द्यायला माणूस आहे. जहाजाची स्वतःचीही बोटीची सहल होती पण तिच्यापुढे "चालायला त्रास असणाऱ्यांसाठी नाही" अशी खूण होती, म्हणून ते माझ्याकडे आले होते. त्यांना चिखल नको होता, पोहणं नको होतं. ते गृहस्थ भूगोल शिकवायचे, आणि या दोन डोंगरांचं चित्र त्यांनी म्हणे वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेलं.

सकाळी बोटवाल्याचा मेसेज: बंदराच्या गेटच्या आतून घ्यायला परवानगी मिळत नाहीये, गेटबाहेरच्या जेट्टीवर या. मी तो नाश्त्याच्या वेळी वाचला. लगेच सगळ्यांच्या केबिनला फोन केले, त्या जोडप्याचा नुसता वाजत राहिला. मी चिठ्ठी लिहिली, स्टुअर्डेसला दाराखालून सरकवायला सांगितली. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, ते दोघं केव्हाच उतरले होते. त्यांना चालायला वेळ लागतो म्हणून सगळ्यांच्या आधी उतरून आधी ठरलेल्या जागी जाऊन बसले होते. उशीर त्यांना झालाच नव्हता. पण मला ते तेव्हा कुठे माहीत होतं? जेट्टीवर उभं राहून मला एवढंच दिसत होतं की बारातले दहा आलेत.

साडेआठची वेळ होती. पावणेनऊ झाले. जहाजाचं वायफाय जहाजावरच राहतं, बाहेर कुणाच्याच फोनला धड काही चालत नव्हतं. मी आमच्यातल्या एकाला आत पाठवलं, तो कार्ड दाखवून, तपासणी करून आत गेला, फिरून आला, म्हणाला तिथे कोणी नाही. तो कुठे कुठे फिरला हे मी विचारलं नाही. नऊ वाजले. बोटवाल्याची दुपारी दुसरी पार्टी होती, तो म्हणाला, आता निघालो नाही तर सूफ्रिएर विसरा, मॅरिगॉटपर्यंत नेतो आणि परत आणतो. बाकीचे नऊ जण माझ्याकडे बघत होते. "निघू या" असं एकानेही म्हटलं नाही, हे नंतर कितीदा आठवून पाहिलं, एकानेही नाही. मी म्हटलं, निघू या.

ते दोघं गेटच्या आतच होते. त्यांना फार वेळ उभं राहता येत नाही म्हणून भेटवस्तूंच्या दुकानांमागे सावलीतल्या बाकावर बसले होते.

बाई संध्याकाळी बारमध्ये भेटल्या, एकट्या. मी काहीतरी भडाभडा बोलायला लागले, चिठ्ठी, फोन, बोटवाला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही अकरापर्यंत बसलो. हे म्हणत होते टॅक्सी करू, पण मी म्हटलं नको, आपण हललो आणि ते शोधत आले तर? तुम्ही लिहिलं होतंत ना, कुणालाही मागे ठेवून निघणार नाही." अजिबात टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी त्यांचे दोघांचे दोनशे डॉलर परत द्यायला काढले, माझ्या खिशातले, कारण बाकीच्यांचं म्हणणं नो-शोला, म्हणजे न आलेल्याला, पैसे परत नसतात असं आधीच ठरलंय. आणि ते खरंच ठरलेलं होतं, मीच ठरवलं होतं. त्यांनी घेतले नाहीत.

माझी बाजू मी इतक्यांदा मांडलीये की पाठ झालीये. मी फोन केले. चिठ्ठी दिली. माणूस पाठवला. अर्धा तास थांबले. अजून थांबले असते तर बारापैकी बारा जणांचा दिवस गेला असता. आणि एक माझं हुकमी वाक्य: त्याच संध्याकाळी जहाज दक्षिणेला निघालं आणि कॅप्टनने ते पिटॉन्सच्या जवळून नेलं, डाव्या बाजूला, म्हणजे त्यांना पिटॉन्स दिसले, समुद्रातूनच दिसले! हे मी अनेकांना सांगितलंय आणि बहुतेकांना पटतं. ते दोघं तेव्हा डेकवर होते का, ते मात्र मला माहीत नाही. मी गेले नव्हते.

आणि हेही सांगून टाकते, कारण कुणी विचारत नाही. बोटीवर मी दुःखी नव्हते. पहिली दहा मिनिटं मागे बघत होते, मग मॅरिगॉट आलं, मग रम पंच आलं. चिखलातल्या सगळ्या फोटोंत मी हसतेय आणि ते हसू खोटं नाहीये.

"कुणालाही मागे ठेवून निघणार नाही" हे वाक्य लिहिणाऱ्या बाईवर माझा राग आहे, म्हणजे माझ्यावरच, पण तेव्हाच्या. काय गरज होती? "पंधरा मिनिटं थांबू, मग निघू" असं लिहिलं असतंस तर ते दोघं सव्वानऊला टॅक्सीत असते. पण ती बाई मला उलट विचारते की असं लिहिलं असतं तर ते तुझ्याकडे आले असते का? घड्याळ लावून निघणारी सहल जहाजाकडेही होती. तुझ्याकडे ते पायऱ्या मोजून सांगणारी म्हणून आले होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय जहाजाची सहल जहाजातल्या थिएटरमध्ये जमते, शर्टावर नंबर चिकटवतात आणि सगळ्यांना एकत्र बाहेर नेतात. ज्या गोष्टीला मी मेंढरं हाकणं म्हणायचे, त्यात ते दोघं हरवलेच नसते. हो, पण त्या सहलीत त्यांना घेणार होतं कोण?

नवरा म्हणतो, एवढं काय, कोणी मेलं नाही. मैत्रीण म्हणते, नियम कडक कर आणि परत सुरू कर. दोघांचंही बरोबर असेल.

सेंट लुशियानंतर ग्रेनाडा बेट होतं, तिथे मी व्हॅन ठरवलेली, जायफळाचं कोठार आणि ग्रां एटांगचं तळं. ते दोघं त्या यादीतही होते. मला वाटलं येणार नाहीत. तर व्हॅनपाशी सगळ्यांत आधी तेच उभे. माफ केलं म्हणून आले, की पैसे भरलेले होते म्हणून, की ग्रेनाडा बघायचं होतं आणि त्यात माझा काही संबंधच नव्हता, कोण जाणे. दिवसभर गृहस्थ ड्रायव्हरशी खडकांबद्दल बोलत होते. मी दर थांब्यावर माणसं मोजत होते, आणि बाईंनी मला एकदा मोजताना पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

तर तुम्ही जमवा. तक्ता मागाल त्याला देते, रंगांसकट, बोटवाल्यांना काय काय लेखी विचारायचं तेही देते. भेटायची जागा जहाजाच्या आतच ठरवा, लिफ्टपाशी, रिसेप्शनपाशी, कुठेही, आणि मोजून मगच बाहेर पडा. फक्त तो तक्ता भरताना माझं नाव आपलं आपणच लिहून टाकू नका. आधी विचारा. मी काय म्हणेन ते मलाच माहीत नाही.