चार लेनचा रस्ता आणि सल्लागाराच्या कामाच्या अटी

आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. बहुपदरी रस्ते सुरक्षित करायला शहर सल्लागार नेमतं, हे चांगलंच. पण कामाच्या अटींत काय लिहिलंय, यावर सगळं ठरतं.

दुभाजक नसलेल्या चार लेनच्या रस्त्यावर पायी ओलांडणारा माणूस गाडीखाली कसा सापडतो ते नीट बघा. पहिल्या लेनमधली बस त्याच्यासाठी थांबते, तो पुढे पाऊल टाकतो, आणि बसच्या आडून दुसऱ्या लेनमधली गाडी त्याच वेगात येते. चालकाला तो दिसतच नाही. म्हणून थांबरेषा झेब्रा पट्ट्यांना चिकटून नको, निदान ६ मीटर मागे हवी. ३.५ मीटरच्या चार लेन म्हणजे १४ मीटर, सेकंदाला १.२ मीटर चालीने जवळजवळ १२ सेकंद. म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. मधोमध २ मीटरची थांबायला जागा दिली, की एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघावी लागतात.

दिवसाला साधारण २०,००० पर्यंत वाहनं असतील तर चाराच्या तीन लेन करता येतात, मधली फक्त वळणाऱ्यांसाठी. अमेरिकेत अशा बदलांनंतर अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे.

सल्लागाराचा अभ्यास फसतो तो मोजणीत. गर्दीच्या वेळी वेग मोजला तर कमीच भरणार. रात्री रिकाम्या रस्त्यावर मोजा. शाळांना सुट्ट्या असताना मोजणी तर नकोच. आणि कायमचं बांधकाम करण्याआधी रंग व प्लास्टिकचे खांब लावून काही महिने प्रयोग, ही अट टाकाच.