टक्क जागा होतो, मॅडम

परळला एमआरआयवर काम करतेय, त्याला 16 वर्षं झाली. पेशंट रोजचेच, पण अधूनमधून संशोधनासाठी धडधाकट माणसंही येतात. मेंदू काही काम नसताना कसा चालतो ते पाहायचं असतं, म्हणून त्यांनी 8 मिनिटं नुसतं पडून राहायचं. डोळे उघडे, समोरच्या फुलीवर नजर, डोकं हलवायचं नाही.

गेल्या गुरुवारी एक बसचालक काका आले, पहाटेची पाळी उरकून. मशीनची धडधड सुरू झाली आणि डोळ्यावरच्या कॅमेऱ्यात मला दिसायला लागलं: पापणी अर्ध्यावर यायची, थरथरायची, दचकून वर जायची, पुन्हा हळूहळू खाली. स्कॅन संपल्यावर इंटरकॉमवर विचारलं, “काका, डोळा लागला होता का?”

“छे हो मॅडम, टक्क जागा होतो!”

काका खोटं बोलत नव्हते. झापड येते ती माणसाच्या नकळत. 2014 साली तालियाझुक्की आणि लाउफ्स या संशोधकांनी अशा हजाराहून जास्त स्कॅनची छाननी केली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश माणसं तिसऱ्या मिनिटापर्यंतच पेंगायला लागलेली निघाली.

हे कळतं कसं? एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम पाहणारा हा एमआरआय, मेंदूच्या रक्तातल्या ऑक्सिजनची चढउतार टिपतो. माणूस पेंगायला लागला की मेंदूच्या मोठमोठ्या भागांचा हा सिग्नल एकाच वेळी वर-खाली व्हायला लागतो. सोबत ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी, टोपी असेल तर आणखी पक्कं कळतं: सेकंदाला 8 ते 13 वेळा येणाऱ्या अल्फा लहरी विरतात आणि 4 ते 7 च्या संथ थीटा लहरी येतात. मशीनच्या चुंबकामुळे त्या नोंदीत प्रचंड खरखर मिसळते, ती नंतर काढावी लागते. शिवाय पोटाला श्वासाचा पट्टा हवाच. श्वास बदलला तरी रक्ताचा सिग्नल हलतो, मग मेंदूचं काय आणि श्वासाचं काय, हे वेगळं करता येत नाही.

मला काळजी वाटते ती पुढची. बऱ्याच आजारी माणसांना रात्री झोप कमी, म्हणून ती मशीनमध्ये जास्त पेंगू शकतात. निरोगी माणसांशी तुलना केली की फरक दिसतो, आणि तो आजाराचा म्हणून छापला जाऊ शकतो. निम्मा फरक नुसत्या जागरणाचा असला तर?

आपल्याकडे पेंग, झापड, तंद्री, गुंगी, डुलकी असे किती शब्द आहेत. आमच्या फॉर्मवर एकासाठीही रकाना नाही. काकांच्या फॉर्मच्या समासात मी पेनाने लिहिलं: ‘चौथ्या मिनिटापासून पेंग. सहाव्यात दोन डुलक्या.’