करायला गेले मग, झाला कटिंगचा पेला

चाकावर कधी बसायला मिळणार, हा पॉटरीच्या वर्गात नाव घालणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो. आमच्या स्टुडिओत त्याचं उत्तर ठरलेलं आहे: पहिला महिना विसरा.

अंधेरीतल्या एका औद्योगिक वसाहतीतला हा गाळा. शेजारी छपाईचं काम, वरच्या मजल्यावर दिवसभर खोके ओढल्याचे आवाज. आत विजेवर चालणारी चाकं, एक लांबलचक टेबल, भिंतीभर फळ्या आणि मागच्या बाजूला भट्टी. बाहेर पाटीवर ‘सर्वांसाठी वर्ग’ असं लिहिलंय, आणि ते अगदी खरं आहे. आमच्या बॅचमध्ये कॉलेजातली एक मुलगी होती, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ होते आणि कित्येक वर्षं नेमाने किटल्या करणाऱ्या एक बाई होत्या. मी ऑफिस सुटल्यावर, डब्याच्या पिशवीसकट थेट तिथेच. शिकवायला एकच ताई, आणि माती, भट्टी, फळ्या असं सगळं सांभाळणारे एक काका. काका सोलापूरकडचे, घराणं कुंभारांचं.

सुरुवात माती मळण्यापासून. कणीक मळायची सवय असलेले हात इथे आधी आडवेच येतात. कणीक आपण दुमडतो आणि दाबतो. माती दुमडली की घडीत हवा अडकते. म्हणून तळहाताच्या टाचेने पुढे रेटायची, जराशी उचलून फिरवायची, पुन्हा रेटायची. हवा राहिली तर भांडं भट्टीत फुटतं, असं मी ऐकून होते. ताईंनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं. फोडते ती वाफ. भांड्याच्या जाड भागात ओल उरली आणि भट्टी भराभर तापवली, की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि तळच्या तळ उडतो. बुडबुड्याचा जाच वेगळा आहे. चाकावर भिंत वर ओढताना बोट नेमकं त्या जागी अडखळतं आणि चांगलं चाललेलं भांडं डुलायला लागतं.

मग हातकाम. चिमटत चिमटत केलेली वाटी, वळ्या एकावर एक रचून केलेलं भांडं, लाटलेल्या मातीच्या पट्ट्या जोडून केलेला डबा. लाटताना दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं, म्हणजे जाडी आपोआप एकसारखी येते. काही जण या टप्प्यावरच कंटाळून गळाले. मला मात्र वाटतं, माती कळते ती इथेच. दोन तुकडे जोडायचे तर दोघांची ओल सारखी हवी: ओल्याला ओलं, आवळलेल्याला आवळलेलं. माती चामड्याइतकी घट्ट झाली, ज्याला तिथे सगळे लेदर-हार्ड म्हणतात, की जोडाच्या जागी दोन्हीकडे ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची आणि दाबायचं. कपाचा कान पुढे गळून पडणार की राहणार, हे या दोन मिनिटांत ठरतं.

चाकावर पहिलं काम सेंटरिंगचं, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा. लांबून बघताना ती बोटांची करामत वाटते. प्रत्यक्षात कोपर मांडीवर किंवा कमरेपाशी रोवून हात जागचा हलू द्यायचा नाही, एवढंच. मग गोळाच हाताशी जुळवून घेतो. हात गोळ्यामागे डुलू लागला की संपलं. ताई डोळे मिटायला सांगायच्या. उघड्या डोळ्यांनी माणूस त्या डगमगीचा पाठलाग करत बसतो.

त्यांचा पुढचा नियम लोकांना जास्त झोंबला. चाकावर केलेलं काहीही पहिले काही आठवडे ठेवायचं नाही. भांडं उभं राहिलं की ताई तार घेऊन यायच्या आणि वरून खाली सरळ दोन तुकडे करायच्या. बँकवाले गृहस्थ पहिल्या वेळी ‘अहो, थांबा!’ म्हणून अक्षरशः ओरडले होते. पण कापल्यावर जे दिसतं ते एरवी दिसूच शकत नाही: तळाशी बोटभर माती साचलेली, मध्ये कागदासारखी भिंत, काठ पुन्हा जाड. पुढच्या वेळी बोटांना कुठे जोर द्यायचा ते तुकडेच सांगतात. आणि कच्ची माती वाया जात नाही. बादलीत भिजते, प्लास्टरच्या लादीवर पाणी सोडते, मळली की पुन्हा तयार. एकदा ६०० अंशांच्या वर तापली की मात्र ती कधीच चिखल होत नाही. वेडावाकडा मग भाजून ठेवला, तर तो आपल्यापेक्षा जास्त जगतो. म्हणून हा नियम मला पटतो.

नवशिके आणि मुरलेले एकत्र असण्याचा फायदा मला इथे मिळाला. किटलीवाल्या बाईंच्या समोरच्या चाकावर मी जागा धरली. त्या पाणी फार कमी वापरतात. आम्ही नवे लोक हात अडकला की पाणी ओतायचो. माती मऊ पडायची आणि भिंत बसायची. त्या बोटं नुसती ओली करून, तीन-चार ओढींत भिंत वर आणून थांबायच्या. कुठे थांबायचं हे सांगून कळलं नसतं. तोटाही आहेच. ताईंचे दोन हात नवशिक्यांच्या गोळ्यांत अडकलेले असतात, आणि ज्यांना तोटीची पकड विचारायची असते ते ताटकळतात. फळ्यांवरच्या जागेवरून कुरबुरी होतात. शिवाय भट्टी भरल्याशिवाय लागत नाही, त्यामुळे आपलं भांडं दुसऱ्यांच्या भांड्यांसाठी खोळंबतं.

नाव मी जूनमध्ये घातलं होतं. मुंबईच्या पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत. आठवडा उलटला तरी वाटी तशीच, फळीवर गार. काका वाटी गालाला लावून बघायचे. गार लागली म्हणजे आत ओल आहे, पाणी अजून उडतंय. गालाला खोलीइतकीच वाटली की भट्टीत. ऑक्टोबरात उलटी तऱ्हा. पंख्याखाली काठ आधी वाळतो, तळ ओला राहतो, दोघांची ओढाताण होते आणि चीर जाते. म्हणून काठावर प्लास्टिक पांघरायचं आणि भांडं उलटं ठेवून तळाला वारा लागू द्यायचा. तळ करताना तो बोटाने किंवा पट्टीने नीट दाबून घेतला नसेल, तर त्यावर नागमोडी चीर पडते, ती वेगळीच.

पहिली भाजणी, तिला बिस्क म्हणतात, साधारण १००० अंशांची. सुरुवातीला भट्टी शंभराच्या खाली बराच वेळ रेंगाळत ठेवतात, उरलीसुरली ओल निघून जावी म्हणून. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि तो एकदम थोडा फुगतो. थंड होताना त्याच ठिकाणी आक्रसतो. चढताना-उतरताना इथे घाई केली तर भांडी तडकतात. भट्टी बंद केल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी झाकणाला हात लावायचा नाही. मग काका एकेक भांडं काढून नखाने टिचकी मारतात. खणखणीत वाजलं तर फळीवर. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. ‘हे नामदेव तिकडं ठेवा,’ म्हणतात. माझे दोन नामदेव निघाले.

ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत थर, हा प्रकार मला सगळ्यात अवघड गेला, आणि सगळ्यात आवडलाही. मुळात ती काच. वाळूतली सिलिका एकटी वितळवायची तर १७०० अंशांच्या वर जावं लागेल, म्हणून तिच्यात लवकर वितळवणारी द्रव्यं घालतात; आणि वितळलेली काच ओघळून जाऊ नये म्हणून ॲल्युमिना. रंग धातूंच्या भस्मांचे. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा मधापासून काळ्यापर्यंत काहीही. हवा कमी सोडलेल्या गॅसभट्टीत तेच तांबं लाल होतं, पण आमची भट्टी विजेची. बादलीतला रंग आणि भट्टीनंतरचा रंग यांचा काही संबंध नसतो. गुलाबीसर पाण्यात बुडवलेला मग तपकिरी होऊन येतो. म्हणून भिंतीवर नमुन्याचे तुकडे टांगलेले आहेत आणि बादलीऐवजी त्यांच्याकडे बघायचं. दोन-तीन सेकंद बुडवायचं, काढायचं, आणि बूड स्पंजने अगदी स्वच्छ पुसायचं. ते राहिलं तर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटतं, आणि फळीचे पैसे ज्याचे त्याने भरायचे.

दुसरी भाजणी सुमारे १२२० अंशांची. या सगळ्या प्रवासात आमची माती जवळजवळ १२ टक्के आटते. ताईंनी ते फळ्यावर लिहून ठेवलं होतं, तरी १२ टक्के म्हणजे काय ते हातात मग आल्यावरच कळतं. उंची आणि रुंदी १२ टक्क्यांनी कमी झाली की आत मावणारा चहा जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. घरी सगळ्यांना दाखवलेला माझा पहिला मग हा चक्क कटिंगचा पेला निघाला. सासूबाईंना तो आवडला. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाच आहे, म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी ताई आम्हाला धारावीच्या कुंभारवाड्यात घेऊन गेल्या. इथली कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली, आपसांत गुजराती बोलणारी. गल्लीत पणत्यांच्या राशी आणि भट्ट्यांचा धूर. जळण म्हणून कापडाच्या चिंध्या आणि सुताचा कचरा. ग्लेझ नाही, दुसरी भाजणी नाही. मी तिथे तासभर एकाच माणसाच्या हातांकडे बघत उभी होते. चाकावर मातीचा भलामोठा ढीग, आणि तो ढीग मध्यावर आणण्याची फिकीर नाही. शेंड्याची पणतीपुरती माती तेवढी मध्यात आणली, अंगठा दाबला, चोच काढली, दोऱ्याने कापली, पुढची. बोलणं चालूच. आम्ही महिनाभर ज्या सेंटरिंगशी झटत होतो, त्याला त्यांनी असा वळसा घातला होता. परतल्यावर ताईंनी आम्हालाही मोठ्या ढिगावर बसवलं. वाट्यांचे हात माझे त्या दिवसानंतर सुटले. तिथल्या एका बाईंनी आम्हाला विचारलं होतं, तुम्ही हे करायचे पैसे देता? हो म्हटल्यावर त्या मनापासून हसल्या. आमच्या स्टुडिओतल्या एका मगाच्या किमतीत तिथे किती माठ येतील, याचा हिशेब मी टॅक्सीत केला आणि कुणाला सांगितला नाही.

आता मी झाकणांवर आले आहे. झाकण आणि भांडं एकाच दिवशी, एकाच मातीचं करायचं, कॅलिपरने मापून, आणि वाळवायचंही एकमेकांवर ठेवून, म्हणजे दोघं सारखीच आटतात. माझं झाकण बसतं, पण एकाच बाजूने फिरवल्यावर. किटलीवाल्या बाई म्हणतात, खूण करून ठेव.

नाव घालणार असाल तर फी सांगतील त्यात दोन्ही भाजण्या धरल्या आहेत का ते आधी विचारा; पुष्कळ ठिकाणी माती वेगळी, भट्टी वेगळी असते आणि आकडा दीडपट होतो. वर्गाच्या वेळेबाहेर येऊन सराव करता येतो का, हेही विचारा. आठवड्यातून एकदा चाकावर बसून हात बसत नाही. फरशी कशी साफ करतात तेवढं बघून घ्या. सुक्या मातीची धूळ फुप्फुसांना वाईट, त्यामुळे तिथे झाडू दिसता कामा नये, ओलं पोतेरं दिसायला हवं. दिवाळीनंतरची बॅच मिळाली तर ती घ्या, हवा वाळवणाला बरी असते आणि भट्टी पणत्यांतून मोकळी झालेली असते. आणि नखं घरूनच कापून जा. आमच्याकडे एकच नेलकटर आहे आणि ते नेहमी मातीच्या बादलीत सापडतं.