फीनिक्सच्या उन्हात ट्रेलरच्या ऑनिंगचे नवे कापड : फेब्रुवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

फेब्रुवारी

नवे कापड निवडण्याआधी जुने कापड नेमके कशाने गेले हे पाहून घ्यावे, अशा मताचा मी आहे. गाडीमागे ओढून न्यायचा आमचा राहण्याचा ट्रेलर अमेरिकेतील ॲरिझोनात, फीनिक्सच्या एका उपनगरात, वर्षभर उघड्या जागेत उभा असतो आणि त्याच्या उजव्या अंगाला १८ फुटी, स्प्रिंगची, हाताने ओढायची ऑनिंग, म्हणजे सावलीसाठी बाहेर उघडणारे कापडी छत आहे. या महिन्यात ती पूर्ण उघडली आणि शिडीवर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. कापड कारखान्यातून बसवून आलेले विनाइलचे होते, म्हणजे पॉलिएस्टरच्या विरळ जाळीला दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर दिलेले, आपल्याकडच्या ट्रकवरील ताडपत्रीच्या जातीचे. मधला सगळा भाग अजून मऊ होता आणि त्याचा रंगही बराचसा टिकून होता. ट्रेलरच्या भिंतीलगतचा सुमारे फूटभर रुंदीचा पट्टा मात्र पार कामातून गेला होता. त्याचा वरचा थर भेगाळला होता, नख लावले तरी त्याचे कपचे सुटत होते, खालची पांढरी जाळी उघडी पडत होती आणि एका टोकाला ती जाळीही तुटून कापड रेलच्या, म्हणजे ते ज्या खाचेत अडकवतात त्या भिंतीवरील पट्टीच्या, कडेने फाटू लागले होते.

हाच पट्टा का गेला, हे समजले की पुढचे निर्णय सोपे होतात. ऑनिंग बंद करताना कापड बाहेरच्या टोकाला असलेल्या नळीवर त्या टोकापासून चढत जाते, त्यामुळे भिंतीलगतचा भाग सर्वांत शेवटी गुंडाळला जातो आणि गुंडाळीचा बाहेरचा वेढा होऊन बसतो. ऑनिंग उघडून तिच्या सावलीत आपण बसतो ते वर्षाकाठी थोडेच तास. उरलेला सगळा काळ हा एकच वेढा ऊन सोसत असतो. पीव्हीसी मऊ राहते ती तिच्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. उष्णतेने तो हळूहळू निघून जातो, अतिनील किरण पीव्हीसीच्या रेणूंची मोडतोड करत राहतात, आणि कडक झालेला थर प्रत्येक गुंडाळणी-उलगडणीत त्याच त्या रेषांवर मोडत जातो. येथे उन्हाळ्यात पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही नित्याची बाब आहे, तेव्हा भिंतीपासून बाहेर आठ फूट येणाऱ्या कापडातील सात फूट धडधाकट असताना एका फुटापायी सगळे कापड बाद व्हावे, यात नवल नव्हते.

बुरशीचे काळे ठिपके कोठेही नव्हते, म्हणजे ओल हे कारण नव्हते. दोन्ही बाजूंच्या दुमडीही शाबूत होत्या, म्हणजे वाऱ्याच्या फडफडीने कापड गेले नव्हते. विनाइलमध्ये कोपऱ्यांशी दिसणारी सुईच्या टोकाएवढी छिद्रे येथेही होती, पण जाळीवर थर दिलेल्या कापडात ती दुमड पडते तेथे होतातच. त्यांना मी दोष मानत नाही. गुन्हेगार एकच होता : उघड्या वेढ्यावरचे ऊन. यावरून नव्या कापडाची पहिली अट ठरली. कापड कोणतेही असो, बाहेरच्या वेढ्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे आवरण हवे. हे आवरण भिंतीकडच्या टोकाला जोडलेले असते आणि ऑनिंग बंद झाली की गुंडाळीभोवती चिलखतासारखे बसते. माझ्या मते आमच्यासारख्या प्रदेशात आवरणावर खर्च केलेला पैसा हा महागड्या कापडावर खर्च केलेल्या पैशापेक्षा अधिक काळ फळ देतो.

मार्च

निवड विनाइल आणि ॲक्रिलिक या दोहोंत होती. विनाइल चौरस मीटरला साधारण ४५० ते ५४० ग्रॅम भरते, ते पाणी अजिबात आत येऊ देत नाही, त्याचे जोड उष्णतेने वितळवून केलेले असतात आणि ते स्वस्त पडते. ऑनिंगचे ॲक्रिलिक सुमारे ३१० ग्रॅमचे, विणलेले असते. त्यातून हवा खेळते, त्यामुळे त्याच्याखाली उष्मा कमी कोंडतो. पाणी त्याच्यावर थेंबांच्या रूपात घरंगळते ते वरून दिलेल्या लेपामुळे. संततधार लागली, किंवा भिजलेल्या कापडाला खालून डोके अथवा हात लागला, की त्या जागी पाणी झिरपू लागते. ॲक्रिलिक पाऊस परतवते, पण त्याला जलाभेद्य समजून कोणी विकत घेऊ नये.

रंगाच्या टिकाऊपणात मात्र ॲक्रिलिकला तोड नाही. ग्लेन रेव्हन या नॉर्थ कॅरोलिनातील कापड कंपनीने १९६१ मध्ये सनब्रेला या नावाने जे कापड आणले, त्याचे मर्म हे की तंतू काढण्याआधीच द्रवरूप पॉलिमरमध्ये रंगद्रव्य मिसळतात. हळकुंड कोठेही मोडले तरी आत पिवळेच निघते, तसा हा रंग तंतूच्या गाभ्यापर्यंत असतो. ऑनिंगच्या सनब्रेलाला १० वर्षांची हमी मिळते. आमच्याकडे पाऊस थोडा आणि ऊन उदंड असल्यामुळे मी ॲक्रिलिक घेतले. समुद्राकाठी, दमट हवेत ट्रेलर ठेवणाऱ्याने ही निवड जशीच्या तशी उचलू नये. महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आले आहे, आणि कोकणात अशी गाडी ठेवण्याचा विचार करणाऱ्याला मी आधी पावसाचाच विचार करायला सांगेन. तेथे विनाइल पाणी अडवील, पण ते ओले गुंडाळून ठेवले तर दोन वेढ्यांमध्ये वारा लागत नाही आणि त्यावरच्या धुळीत बुरशी धरते.

दोऱ्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, याचे मला वाईट वाटते. ॲक्रिलिकचे पन्हे मर्यादित असते, बहुधा ४६ किंवा ६० इंच, त्यामुळे मोठी ऑनिंग अनेक पट्टे शिवूनच होते. हे पट्टे पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवले तर दोरा उन्हाने कापडाच्या कितीतरी आधी कुजतो आणि धड कापड शिवणीवर उसवते. पीटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचा) दोरा, ज्यातील टेनारा हे नाव येथे सर्वांच्या तोंडी असते, ऊन, मीठ आणि ब्लीच यांना दाद देत नाही. तो महाग आहे आणि गुळगुळीत असल्यामुळे शिवणाऱ्याला मशीनचा ताण जुळवून घ्यावा लागतो. तरीही मागणी नोंदवताना मी तो लेखी मागून घेतला. शिवणी भिंतीकडून नळीकडे धावतील अशा घेतल्या, म्हणजे पाणी आडव्या शिवणीवर न थांबता तिच्या बाजूने वाहून जाते. याची किंमत म्हणजे गुंडाळीत प्रत्येक शिवण आपल्याच शिवणीवर येऊन बसते, तेथे जाडी वाढते आणि दोन शिवणींमधल्या कापडाला काळाने किंचित झोळ पडतो. ही किंमत मला मान्य आहे.

मापाविषयी नवख्यांचा नेहमी घोटाळा होतो. ऑनिंगचे माप म्हणजे तिला दोन्ही टोकांना तोलून धरणाऱ्या दांड्यांपैकी एका दांड्याच्या मध्यापासून दुसऱ्या दांड्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. कापड त्याहून आखूड असते. ए अँड ई, म्हणजे आजच्या डोमेटिक कंपनीच्या, हाताने उघडायच्या ऑनिंगमध्ये हा फरक सुमारे १० इंचांचा असतो, त्यामुळे १८ फुटी ऑनिंगचे कापड १७ फूट २ इंच भरते. विजेवर चालणाऱ्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या ऑनिंगमध्ये हा फरक निराळा असतो, म्हणून जुने कापड हाताशी असेल तर या कडेच्या शिवणीपासून त्या कडेच्या शिवणीपर्यंत तेच मोजावे. सोबत दुमडीतील प्लॅस्टिकच्या दोरीची जाडीही मोजावी. रेलच्या खाचेत बसते ती ही दोरीच. ती जाड निघाली तर कापड सरकत नाही आणि बारीक निघाली तर वाऱ्यात खाचेतून सुटून येते.

एप्रिल

कापड बसवण्याचे काम सकाळी वारा पडलेला असताना, तिघांनी मिळून केले. या कामात स्प्रिंगचा मान राखावा लागतो. नळीच्या टोकांत पिळलेल्या स्प्रिंग असतात, आणि त्यांचा पीळ अडवून न ठेवता दांडा सोडवला तर तो गरकन फिरून बोटे मोडू शकतो. म्हणून दांड्याला हात घालण्याआधी स्प्रिंगच्या भोकात कॉटर पिन (अडसराची खीळ) घालून पीळ जागीच अडवला, आणि नळी दांड्यांपासून सोडवून सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवी ठेवल्यानंतरच टोकाची झाकणे काढली. किती वेढे पीळ द्यायचा हे ऑनिंगच्या लांबीनुसार बदलते. कंपनीच्या पत्रकात दिलेला आकडा प्रमाण मानावा.

सर्वाधिक वेळ रेल स्वच्छ करण्यात गेला, आणि तो तसाच जायला हवा. खाचेत वर्षानुवर्षांची वाळू दगडासारखी बसली होती. ती जुन्या टूथब्रशने व लाकडी काडीने कोरून काढली, रेलच्या तोंडाशी असलेली धातूची धारदार कड कानशीने गोल केली आणि खाचेत सिलिकॉनचा फवारा मारला. तेलकट वंगण येथे वापरू नये, ते धूळ धरते आणि कापडावर डाग पाडते. मग एकाने रेलच्या तोंडाशी कापड सरळ धरले, दुसऱ्याने ओढले आणि तिसऱ्याने नळी त्यांच्या चालीने पुढे नेली. तोंडाशी धरणाऱ्याचे काम सर्वांत जोखमीचे असते, कारण नवे कापड फाटते ते बहुधा तेथेच. कापड दोन्ही दांड्यांच्या बरोबर मधे आल्यावर रेलच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू लावला. हे स्क्रू नसतील तर प्रवासाच्या हादऱ्यांनी कापड एका बाजूला सरकत जाते आणि गुंडाळी तिरपी होते.

जुलै

येथील हवामान खाते १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ धरते. आपल्याकडच्या पावसाशी त्याचे नाव तेवढे जुळते. दुपारपर्यंत आकाश निरभ्र असते, मग लांबच्या गडगडाटी ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीलगत सुसाट पसरते आणि पावसाच्या आधी धुळीची भिंत पुढे ढकलते. ती क्षितिजावर दिसली की ऑनिंग त्याच क्षणी बंद करतो. ट्रेलर सोडून बाहेर जाताना ती उघडी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

उंचावर, मोगोयॉन रिम या डोंगरकड्याच्या बाजूला मुक्काम असताना शांत पाऊस मिळतो, आणि तेथे ऑनिंग उघडी ठेवता येते. तेव्हा एका बाजूचा दांडा बराच खाली घेतो. याचे गणित करून पाहावे : आमच्या कापडाचे क्षेत्रफळ सुमारे १२.७ चौरस मीटर आहे, म्हणजे केवळ १० मिलिमीटर पाऊस त्यावर सव्वाशे लिटरच्या वर पाणी टाकतो. ते सगळे झोळात साठले तर सव्वाशे किलोंचा भार नळीच्या मध्यावर येतो आणि नळी वाकते. एकदा वाकलेली नळी कापड कधीच सरळ गुंडाळत नाही. विणलेले ॲक्रिलिक विनाइलपेक्षा किंचित अधिक सैलावते, त्यामुळे मध्यभागी आडवा आधारदांडा लावणे मला आवश्यक वाटते. दोन्ही कडांना फडफड रोखणारे चिमटेही लावतो, कारण दुमडीची शिवण उसवते ती मंद वाऱ्यात तासन्‌तास चालणाऱ्या फडफडीने.

एकदा भिजलेले कापड तसेच गुंडाळून घरी आणावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडून वाळवले. आमच्या कोरड्या हवेत हे काम तासाभरात होते.

ऑक्टोबर

हंगाम संपल्यावर पहिली संपूर्ण धुलाई केली. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली, कारण येथील धूळ बारीक वाळूच आहे आणि ती ओली करून घासली तर लेप खरवडते. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून स्पंजने धुतले. पाणी ३८ अंशांपेक्षा गरम नसावे, आणि प्रेशर वॉशर तर जवळही आणू नये. फीनिक्सचे पाणी जड आहे, भर उन्हात धुतले तर कापडावर क्षारांचे पांढरे वण राहतात. म्हणून उन्हे उतरल्यावर धुतले आणि साबणाचा अंश राहणार नाही इतके खळबळून काढले. साबण राहिला तर लेप असूनही पाणी थेंब धरत नाही.

बुरशी धरलीच तर ॲक्रिलिकसाठी सनब्रेलाने सांगितलेले प्रमाण उपयोगी पडते : ३.८ लिटर पाण्यात एक कप ब्लीच आणि पाव कप सौम्य साबण, १५ मिनिटे मुरू द्यायचे आणि भरपूर पाण्याने धुऊन काढायचे. रंग तंतूच्या आतपर्यंत असल्याने हे चालते. विनाइलवर हे मिश्रण वापरू नये. विनाइलवाल्यांनी साबणपाणी लावून ऑनिंग पाच मिनिटे गुंडाळून ठेवावी, म्हणजे खालची बाजूही आपोआप साबणाने माखते, आणि मग उघडून धुवावी.

धुतल्यानंतर कापडावर ओंजळभर पाणी टाकून पाहिले. मध्यभागी थेंब टपोरे उभे राहिले आणि घरंगळून गेले. नळीकडच्या कोपऱ्यात, जेथे एका झाडाचा चीक पडला होता व मला तो अधिक घासावा लागला, तेथे पाणी पसरून कापड गडद झाले. तेवढ्या भागावर, तो पूर्ण वाळल्यावर, ३०३ फॅब्रिक गार्ड या पाणी परतवणाऱ्या लेपाचे दोन हलके हात दिले, पहिला वाळल्यावर दुसरा. संपूर्ण कापडाला हा लेप साधारण पाच वर्षांनी, किंवा अशी जोरकस धुलाई झाली तर त्याआधी द्यावा लागतो.

आवरणाखालचा वेढा तपासला. तो आणि मधले कापड यांच्या रंगात मला फरक दिसत नाही. जानेवारीत क्वार्ट्‌झसाइट या ॲरिझोनातील वाळवंटी गावाला निघण्यापूर्वी रेलच्या टोकांचे स्क्रू, दुमडीच्या शिवणी आणि आवरणाच्या पट्ट्यांमधले सांधे पुन्हा पाहायचे आहेत. या सांध्यांत वाळू अडकू लागल्याचे या खेपेस दिसले आहे.