आमची वाटचाल: पुसलेल्या स्विचचा धंदा

आमच्या फर्मच्या माहितीपत्रकावर पहिलीच ओळ आहे: 'वापरलेले नेटवर्क स्विच, तपासून, पुसून, हमीसह.' स्विच म्हणजे ऑफिसातले संगणक, फोन वगैरे केबलींनी एकमेकांना जोडणारं खोकं. यातला 'पुसून' हा शब्द पहिली तीन वर्षं तिथे नव्हता. तो कसा आला, तेवढंच खरं तर सांगण्यासारखं आहे. बाकी सुरुवात चारचौघांसारखीच. दोघे भागीदार, एक टेबल, केबलींची भेंडोळी, आणि पुढ्यात येईल ते काम.

स्विचकडे वळलो ते अपघाताने. एका ग्राहकाने नवं नेटवर्क बसवलं आणि जुने अकरा स्विच 'घेऊन जा हो, जागा अडलीय' म्हणत आमच्या गळ्यात मारले. धूळ झाडली, दोन स्विचचे पंखे बदलले, आणि आठवडाभरात सात विकले गेले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही खोकी सहसा मरत नाहीत, नुसती बदलली जातात. बिघडलाच तर पंखा, नाहीतर पॉवर सप्लाय.

पुसणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशी तेव्हा आमची पक्की समजूत. कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉपवरून स्विचशी थेट बोलायची केबल, लावायची, ९६०० बॉडच्या वेगावर टर्मिनल उघडायचं, 'राइट इरेज' ही सेटिंग पुसायची आज्ञा द्यायची, रीलोड म्हणजे पुन्हा चालू करायचं. परत उठल्यावर स्विच विचारतो, सुरुवातीचं सेटिंग आता करायचं का? हा प्रश्न दिसला की खोकं कोरं झालं, पुढचं घ्या. पासवर्ड गेला, नाव गेलं, आयपी गेला. मग उरलं काय?

उरत होते व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आखलेली वेगवेगळी नेटवर्कं, फोनांचं एक, संगणकांचं दुसरं अशी. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर पोर्ट आणि पासवर्डांचं सेटिंग एकीकडे असतं आणि व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यातल्या, 'व्हीलॅन डॉट डॅट' नावाच्या वेगळ्याच फाइलीत. राइट इरेज त्या फाइलीला हातही लावत नाही. भाडेकरू सामानसुमान घेऊन गेला, पण विजेचा मीटर अजून त्याच्याच नावावर, तशातली गत. शिवाय ही शिल्लक सहजी नजरेत येत नाही. व्हीलॅनला १ ते ४०९४ मधला जवळजवळ कुठलाही क्रमांक देता येतो, पण माणसं १०, २०, ३० च्या पुढे क्वचितच जातात. त्यामुळे आधीच्या मालकाचे १०, २०, ३० नव्या मालकाच्या १०, २०, ३० वर बरोब्बर बसायचे आणि सगळं चालायचं. आमच्या कितीतरी चुका अशा चालून गेल्या असणार.

एक मात्र चालून गेली नाही. एका जुन्या ग्राहकाचा स्विच आमच्याकडे पडून होता. कुणी नवीन मुलगा कामाला आला की त्याला आम्ही त्याच स्विचवर बसवायचो. व्हीलॅन कर, उडव, नाव बदल, परत कर. सहा महिन्यांनी त्याच ग्राहकाला वरच्या मजल्यासाठी स्विच हवा होता. म्हटलं, त्यांचाच आहे, देऊन टाकू. राइट इरेज केलं, रीलोड केलं, नेऊन रॅकमध्ये बसवला आणि ट्रंक पोर्टला, म्हणजे सगळे व्हीलॅन दुसऱ्या स्विचकडे नेणाऱ्या तोंडाला, केबल खोचली. मिनिटभरातच खालून माणूस धावत आला. 'अहो, तुम्ही काय केलंत? सगळे फोन गेलेत!'

फोनच नाही, सगळंच गेलं होतं. दोष व्हीटीपीचा, म्हणजे व्हीलॅनची यादी एका स्विचवरून दुसऱ्यावर आपोआप पोचवणाऱ्या सोयीचा. खरं तर दोष आमचा, सोय बिचारी सांगितलं तेच करत होती. दोन स्विचचं डोमेन नाव, म्हणजे त्यांच्या व्हीटीपी गटाचं नाव, सारखं असेल तर ज्याचा रिव्हिजन क्रमांक मोठा, त्याची यादी खरी धरली जाते. यादीत दर बदलाला हा क्रमांक एकाने वाढतो. आमच्या पोरांनी सहा महिने सराव करून तो १३१ वर नेऊन ठेवला होता. ग्राहकाच्या मुख्य स्विचवर होता १९. डोमेन तर त्यांचंच, कारण खोकं मुळात त्यांचं. आणि हे डोमेन, हा क्रमांक, दोन्ही त्याच न पुसलेल्या फाइलीत बसलेले. केबल लागताच त्यांच्या सगळ्या स्विचनी 'चाचणी', 'चाचणी२', 'जेवणानंतर' असल्या नावांचे व्हीलॅन मुकाट्याने स्वीकारले आणि स्वतःचे पुसून टाकले.

भागीदाराने झटकन केबल उपसली. उपयोग शून्य; यादी आधीच गेली होती. बॅकअप उघडला तर त्यात व्हीलॅन नाहीत. स्विच व्हीटीपीच्या सर्व्हर मोडमध्ये, म्हणजे यादी बदलता येते त्या अवस्थेत, असला की रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे चालू सेटिंगमध्ये, ती यादी दिसतच नाही, आणि आम्ही दर महिन्याला इमानाने जपून ठेवत होतो ते नेमकं रनिंग कॉन्फिग. वाचवलं ते पोर्टांनी. कुठल्या पोर्टाला कुठला व्हीलॅन, ही ओळ प्रत्येक पोर्टाखाली शाबूत होती, फक्त समोर 'इनॲक्टिव्ह' लिहून येत होतं. मी एकेक क्रमांक वाचत गेलो, भागीदार मुख्य स्विचवर तो परत करत गेला. चाळीस मिनिटं. त्यातली निम्मी हात कापत असल्यामुळे गेली. त्या दिवसाचं बिल आम्ही लावलं नाही. ग्राहक मात्र टिकला, आजही आहे; दरवेळी स्विच नेला की त्यांचा माणूस गंभीर चेहऱ्याने विचारतो, 'जेवणानंतर काढलंय ना?'

तेव्हापासून पुसण्याचं काम टेबलावर स्वतंत्र झालं. आधी पासवर्ड नसताना आत शिरणं: सरसकट सगळ्यांचं सारखं नसतं, पण आमच्याकडे जे जास्त येतात त्यांच्यावर मोड बटण दाबून धरून वीज द्यायची, फ्लॅश जागी करायची, कॉन्फिगच्या फाइलीचं नाव बदलायचं आणि बूट करायचं. मग राइट इरेज, मग व्हीलॅन डॉट डॅट डिलीट. इथे स्विच दोनदा विचारतो, एकदा फाइलीचं नाव आणि एकदा खात्री. दोन्ही वेळा नुसतं एंटर. पहिल्या वेळी घाईने 'वाय' दाबलं की तो 'वाय' नावाची फाइल शोधत बसतो. रीलोड देताना 'बदल सेव्ह करू का' म्हणतो, त्याला ठाम नाही. हो म्हटलं की मेमरीतलं चालू सेटिंग परत लिहिलं जातं. आणि हे सगळं करताना शेजारच्या स्विचशी एकही केबल नको. डोमेन कोरं असलेला स्विच ट्रंकवरून कानावर पडेल ते पहिलं डोमेन उचलतो. पुसून ठेवलेलं खोकं अर्ध्या तासाने भरलेलं सापडायचं, तेव्हा भूतबाधेच्या गप्पा निघाल्या होत्या.

या टेबलावरही एक मोठा घोळ झालाच. एका मुलाने डिलीटऐवजी 'इरेज फ्लॅश' दिलं. स्विच मजेत चालत राहिला, कारण चालणारी प्रणाली मेमरीत असते. रीलोड केल्यावर थबकला तो बूटलोडरपाशीच, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामपाशीच. 'दादा, हा उठत नाहीये.' उठेल कसा, आत काही उरलंच नव्हतं. कन्सोलवरून एक्समोडेम नावाच्या जुन्या पद्धतीने प्रणाली परत चढवायची म्हणजे ९६०० बॉडवर सेकंदाला हजार बाइटसुद्धा नाहीत. नऊ एमबीच्या फाइलीला जवळजवळ तीन तास. दीड तास टक लावून बसल्यावर भागीदाराला आठवलं की बूटलोडरमध्ये बॉड ११५२०० करता येतो. अर्धी फाइल सोडून पहिल्यापासून सुरुवात केली, तरी आधी संपलं.

दुसऱ्या कंपन्यांच्या खोक्यांचा असा जाच कमी. एचपीच्या प्रोकर्व्हवर व्हीलॅन कॉन्फिगमध्येच असतात, रीसेट आणि क्लिअर बटणांची जोडी नीट सोडली की काम झालं. ज्युनिपरवर 'झीरोइझ' म्हणायचं आणि चहा घेऊन यायचं.

धंदा वाढला तो मात्र विकण्याने नाही. जुने स्विच काढणाऱ्या कंपन्याच पुसून द्या म्हणून येऊ लागल्या, कारण आत काय काय राहतं ते त्यांच्या ध्यानात आलं: एसएनएमपीच्या कम्युनिटी स्ट्रिंग (दुरून देखरेख करण्यासाठीचे परवलीचे शब्द), खात्यांची नावं घेऊन बसलेले व्हीलॅन, सिस्कोच्या टाइप ७ पद्धतीने कसेबसे झाकलेले पासवर्ड, जे कुणीही क्षणात उलगडतो. आता आम्ही नऊ जण आहोत आणि निम्मं काम हेच. प्रत्येक खोक्यासोबत एक कागद जातो, त्यावर शो फ्लॅश, शो व्हीलॅन ब्रीफ आणि शो व्हीटीपी स्टेटस या तीन आज्ञांना स्विचने दिलेल्या उत्तरांची छापील प्रत: व्हीलॅन डॉट डॅट फाइल नाही, यादीत व्हीलॅन १ आणि जन्मजात १००२ ते १००५, डोमेन कोरं, रिव्हिजन ०.

सध्या टेबलावर एका स्टॅकमधून, म्हणजे जोडून एकच म्हणून चालवलेल्या स्विचच्या गटातून, सुटून आलेला स्विच आहे. सगळं पुसलं, तरी तो स्वतःला क्रमांक ३ च म्हणवतोय, पहिले दोन कुठे आहेत कुणास ठाऊक. त्याला १ करायचं राहिलंय, तोवर त्याचा कागद छापलेला नाही.