गुडघा किती सैल आहे ते मोजून घेताना

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा), तुटल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. मग पुन्हा गुडघा ओढून काय बघायचंय, असं मी डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, एमआरआय काढताना तुमचा पाय निवांत पडलेला असतो. लिगामेंट तुटलंय हे त्यात दिसतं, पण त्यामुळे नडगीचं हाड किती पुढे सरकतं ते दिसत नाही. ऑपरेशन करायचं की व्यायामावर भागेल, हे ठरवताना त्यांना तेही माहीत हवं होतं.

सुरुवात हातानेच झाली. लॅकमन टेस्टमध्ये पाठीवर झोपवतात, गुडघा २० ते ३० अंश वाकवतात, एका हाताने मांडी पक्की धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी वर खेचतात. माझ्या चांगल्या पायात ती थोडी सरकून टक्कन अडली. दुखऱ्या पायात टेबलाचा खण ओढावा तशी पुढे आली आणि नेमकी कुठे थांबली ते मलाही कळलं नाही. डॉक्टरांना मिलिमीटरपेक्षा ते 'अडणं' जास्त महत्त्वाचं वाटत होतं. ९० अंशांत वाकवून करायची जुनी ड्रॉवर टेस्ट त्यांनी उरकून टाकली. त्या कोनात मांडीमागचे स्नायू आणि मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीची) मागची कड नडगीला धरून ठेवतात, त्यामुळे लिगामेंट तुटलेलं असूनही कधी कधी ते लक्षात येत नाही. लॅकमनची पद्धत टॉर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने प्रसिद्ध केली, आणि गुडघ्याच्या तपासणीत अजून तीच पहिली येते.

आकडा मात्र यंत्रावर निघाला. केटी-१००० नावाचं लांबट उपकरण नडगीवर दोन पट्ट्यांनी बांधलं. त्याची एक गादी गुडघ्याच्या वाटीवर टेकते, दुसरी वाटीखाली नडगीला जो उंचवटा असतो त्यावर. वाटीच्या मानाने नडगी किती पुढे आली, ते डायलवर मिलिमीटरमध्ये दिसतं. दोन्ही मांड्यांखाली उशीसारखा आधार असतो आणि पावलं एका साच्यात अडकवतात, म्हणजे पाय बाहेर फिरत नाहीत. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एका हाताने वाटीवरची गादी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने दांडा वर ओढला. जोर ६७, ८९ आणि १३४ न्यूटनला पोहोचला की यंत्र वाजतं. आवाज झाला की काटा वाचायचा.

त्याआधी मॅडमनी दोन्ही गुडघे वाकवून बाजूने डोळा लावून पाहिलं होतं. मागचं लिगामेंट, म्हणजे पीसीएल, तुटलेलं असेल तर नडगी आधीच मागे बसलेली असते. शून्यच चुकीच्या जागी धरला जातो, आणि ओढल्यावर ती नुसती जागेवर आली तरी पुढचं लिगामेंट गेल्यासारखं वाटतं. माझी नडगी जागेवर होती.

चांगल्या गुडघ्याचं माप १३४ न्यूटनला ६ मिलिमीटर आलं. दुखऱ्याचं ७. एक मिलिमीटरचा फरक, आणि एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं! मॅडमना काही आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी माझ्या मांडीच्या मागे हात घातला आणि म्हणाल्या, "बघा, इथं किती ताठ धरलंय तुम्ही." खरंच, माझ्या नकळत हॅमस्ट्रिंग दगड झाली होती. दुखेल या भीतीने स्नायू नडगीला मागे खेचून धरतात आणि लिगामेंटचं काम स्वतःवर घेतात. जिवंत माणसाचा गुडघा मोजण्यात खरी अडचण हीच आहे. 'सैल सोडा' म्हटल्याने कुणी सैल सोडत नाही. त्यांनी पाय हळूहळू आत-बाहेर हलवला, मला भलत्याच गप्पांत गुंतवलं, टाच साच्यात पूर्ण विसावू दिली. मग त्याच जोराला काटा ११ वर गेला.

फरक झाला ५ मिलिमीटर. दोन गुडघ्यांत ३ मिलिमीटरपर्यंत फरक असला तर सहसा चालून जातो. त्यापुढे शंका बळावते. नुसत्या ११ ला काही अर्थ नाही, कारण काही लोकांचे सांधे जन्मतःच सैल असतात. म्हणून मॅडमनी माझा अंगठा मनगटाकडे वाकवून पाहिला, कोपरं उलटी जातात का तेही पाहिलं. दुसरा गुडघाही कधी दुखावलेला असेल तर ही तुलनाच कोलमडते.

पिव्होट शिफ्ट ही टेस्ट मात्र जागेपणी जमली नाही. पाय आत वळवून, बाहेरून दाब देत गुडघा वाकवतात तेव्हा निसटलेली नडगी एकदम जागेवर येते. चालताना वळल्यावर गुडघा दगा देतो तो जवळपास असाच. एकदा तो झटका बसल्यावर माझ्या स्नायूंनी पुढे काही होऊच दिलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी भूल दिल्यावर डॉक्टरांनी ती पुन्हा केली आणि तिची श्रेणी जास्त निघाली. ती अजूनही हाताच्या अंदाजाने ० ते ३ अशी देतात.

सर्वांत काटेकोर पद्धत वेगळीच आहे: हाडांत टॅंटलम धातूचे बारीक मणी बसवायचे आणि दोन बाजूंनी एकाच वेळी एक्स-रे काढायचे. संशोधनासाठी ठीक आहे. नुसत्या तपासणीसाठी हाडात मणी बसवायला मी तरी तयार झालो नसतो.

ऑपरेशननंतरच्या तपासणीत फरक २ मिलिमीटर आला. मला वाटलं, झालं. पण डॉक्टरांनी लगेच विचारलं, जिना उतरताना किंवा पटकन वळताना गुडघा सुटल्यासारखा वाटतो का? काहींचा फरक मोठा असूनही गुडघा कधी दगा देत नाही, काहींचा लहान असूनही देतो. मॅडमनी कागदावर आकड्याशेजारी कोन, जोर आणि स्वतःचं नाव लिहिलं. हात बदलला की माप एक-दोन मिलिमीटरने सहज इकडेतिकडे होतं, म्हणून पुढच्या वेळीही शक्यतो त्यांच्याकडूनच मोजून घ्यायला सांगितलंय.